ठिणगीची वेळ

इंजिन पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवलेले असते. पिस्टनच्या कड्या नव्या, व्हॉल्व्ह घासून चोख बसवलेले, तेल ताजे, टाकीत पेट्रोल. आणि तरीही किल्ली फिरवताच ते एकदा खोकते, कार्बुरेटरच्या तोंडातून आगीची जीभ बाहेर टाकते आणि गप्प होते. अशा वेळी नवशिका पुन्हा सगळे उघडायला बसतो. मुरलेला मिस्त्री मात्र पान्याने एकच बोल्ट ढिला करतो, डिस्ट्रिब्यूटर पंजात धरून बोटभर फिरवतो आणि पुन्हा किल्ली मारायला सांगतो. इंजिन सुरू होते. लोखंडाचा एक कणही बदललेला नसतो. बदललेली असते ती केवळ एक वेळ: सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याची वेळ.

गॅरेजच्या भाषेत याला टायमिंग बसवणे म्हणतात. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे शौकीन ज्या शहरांत आजही आढळतात, त्यांत बंगळूरचे नाव घ्यावे लागते. आणि तेथील एखाद्या शेडमध्ये चाळीसच्या दशकातली एम.जी. दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करण्याचा प्रसंग आला, की बोनेटभोवती जमलेल्या मंडळींचे सारे लक्ष या एका क्षणाकडे लागते. पण बंगळूरचा या विषयाशी संबंध शौकापुरता नाही. ठिणगीच्या वेळेचा भारतातील इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्याची बरीच पाने त्याला याच शहरात सापडतील, आणि त्यांतल्या काही पानांवर सोलापूर-कोल्हापूरकडची नावे असतील.

मुळात ही वेळ एवढी नाजूक का, हे आधी पाहिले पाहिजे. चार फेऱ्यांच्या इंजिनात पिस्टन एकदा खाली येताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो, वर जाताना ते दाबतो, मग ठिणगी पडून ते जळते व पिस्टन जोराने खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर जाताना जळका वायू बाहेर लोटला जातो. सामान्य समजूत अशी असते, की पिस्टन अगदी माथ्यावर पोचला म्हणजे ठिणगी पडावी. वस्तुतः तसे केल्यास उशीर होतो. मिश्रण बंदुकीच्या दारूसारखे एकदम उडत नाही. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरायला सेकंदाचा काही हजारावा भाग लागतो. हा अवधी क्षुल्लक वाटेल. पण मिनिटाला हजार फेरे घेणारा क्रँकशाफ्ट सेकंदाच्या एका हजारांशात सहा अंश फिरतो, आणि पाच हजार फेऱ्यांच्या वेगाला तो तेवढ्याच अवधीत तीस अंश फिरून गेलेला असतो. म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्यापूर्वीच पाडावी लागते, आणि वेग वाढेल तशी ती अधिकाधिक आधी सरकवावी लागते. वेगाबरोबर आतील वायूची घुसळण वाढते, ज्योतही जलद पसरते, त्यामुळे हिशेब सरळ त्रैराशिकाचा राहत नाही; मंद गतीला दहाएक अंश आधी आणि भर वेगाला तीस-पस्तीस अंश आधी, असे बहुतेक जुन्या इंजिनांचे मान आहे.

उशीर झाला तर गाडी रडतखडत चालते, इंजिन तापते, पेट्रोल फुकट जाते. घाई झाली तर प्रकार अधिक वाईट. ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकते, आणि धातूच्या पेटीत खडे खुळखुळवावे तसा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात. हा आवाज बरेच दिवस चालू राहिला तर पिस्टनच्या माथ्याला भोके पडतात. दोन चुकांमधली वाट दोन-चार अंशांची असते. आणि गंमत अशी, की उत्तम शक्तीची जागा नॉकिंगच्या अगदी उंबरठ्यावर असते. म्हणजे ज्याला इंजिनाकडून पूर्ण काम घ्यायचे आहे, त्याला धोक्याच्या दारापर्यंत जाऊन तेथेच थांबावे लागते. स्पोर्ट्स गाडीच्या मालकाला हे दार अधिक परिचयाचे, कारण त्याला घोडदौडच हवी असते.

मोटारीच्या पहिल्या काळी ही वाट चालकालाच शोधावी लागे. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या बाहेर काढणाऱ्या फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये सुकाणूच्या चाकाखाली दोन दांड्या असत: उजवीकडची पेट्रोलाची, डावीकडची ठिणगीची. चढ आला की ठिणगी मागे घ्यावयाची, सपाटीवर वेग आला की पुढे न्यावयाची. चालक कानाने इंजिन ऐकत असे आणि बोटांनी त्याला उत्तर देत असे. आणि सकाळी गाडी सुरू करताना ती दांडी मागे घ्यायला तो विसरला, तर हँडल मारताना ठिणगी वेळेआधी पडे, इंजिन उलटे फिरे आणि लोखंडी हँडल मनगटावर आदळे. मोडलेल्या मनगटांची ती एक पिढीच होऊन गेली. चार्ल्स केटरिंग याने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला व १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला, तेव्हा या मनगटांची सुटका झाली. बॅटरी आणि कॉइल यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याची जी पद्धत पुढे बहुतेक सर्व गाड्यांत आली, तिच्यामागेही केटरिंगचे काम आहे.

त्याआधीचे राज्य मॅग्नेटोचे होते. जर्मनीत स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश याने १८८७ मध्ये एका स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला; १८९७ मध्ये त्याच्या कारखान्याने तो प्रथम एका तीनचाकी मोटारीवर चढवला; आणि त्याचाच सहकारी गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला जोडून स्पार्क प्लग सिद्ध केला. बॉशचे नाव येथे ध्यानात ठेवावे. ते पुढे बंगळुरातच भेटणार आहे.

आता मोटारीकडून बंगळूरकडे वळू. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी म्हैसूरचे दिवाणपद १९१८ मध्ये सोडले, पण उद्योगांचा ध्यास सोडला नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे घालवलेले हे गृहस्थ महाराष्ट्राला परके नव्हते. हिंदुस्थानात मोटारी बनाव्यात, केवळ सुट्या पेट्यांतून जोडल्या जाऊ नयेत, या विचाराने त्यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहिले व योजना आखली. त्या योजनेला उद्योगपती मिळाला तो सोलापूरचा: वालचंद हिराचंद. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने योजनेला सहानुभूती दाखवली; पण १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. वालचंदांनी फोर्डशी बोलणे केले, ते फिसकटले; क्रायस्लरशी जमले. म्हैसूर संस्थान त्यांच्या बाजूला होते. अडसर होता दिल्लीचा. महायुद्ध सुरू झाले होते, आणि मोटार कारखाना ही युद्धोपयोगी गोष्ट नव्हे, असे सरकारचे म्हणणे पडले. सैन्याला हजारो ट्रक लागत असताना हे उत्तर दिले गेले, हे विशेष.

मोटार अडली, तेव्हा विमान आले. अमेरिकेहून परतताना प्रशांत महासागरावरील प्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होता. त्या ओळखीतून आणि म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीतून २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. १९४१ मध्ये भारत सरकार भागीदार झाले, १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा सरकारने विकत घेतला, आणि १९४३ मध्ये कारखान्याचे व्यवस्थापन अमेरिकन हवाई दलाच्या हाती गेले. विमाने बनविण्याचे स्वप्न बाजूला पडले. पूर्व आघाडीवरून येणाऱ्या थकल्या-भागल्या विमानांची दुरुस्ती हे त्या कारखान्याचे काम ठरले.

हा तपशील इतिहासाच्या पुस्तकांत निराशेच्या सुरात येतो, आणि तो सूर गैर नाही. ज्या देशाला यंत्र बनविण्याची मुभा नव्हती, त्याला ते दुरुस्त करण्याची मुभा तेवढी मिळाली. पण त्या दुरुस्तीचे स्वरूप काय होते, याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. बेळ्ळंदूरच्या तलावावर कॅटलिना जातीची पाण्यावर उतरणारी विमाने येत. तिला दोन इंजिने, प्रत्येक इंजिनाला चक्राकार मांडलेले चौदा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका इंजिनात अठ्ठावीस ठिणग्या आणि त्यांना वीज पुरविणारे मॅग्नेटो. डाकोटा विमानालाही त्याच घराण्याचे इंजिन असे. विमानाच्या इंजिनात ठिणगीची वेळ दोन अंश चुकली, तर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून बोनेट उघडण्याची सोय नसते. मॅग्नेटोचे पॉइंट केव्हा उघडतात हे दिव्याच्या लुकलुकण्यावरून पाहणे, क्रँकशाफ्टला अंशांची तबकडी लावून खूण मोजणे, दोन्ही मॅग्नेटो एकाच क्षणी बोलतात की नाही याची खात्री करणे, आणि मग केलेले काम कागदावर लिहून त्याखाली सही करणे, ही शिस्त या कामातून अंगी बाणली जाते. इंजिन बनविणाऱ्या कारखान्यात एक कामगार आयुष्यभर एकच स्क्रू पिळतो. दुरुस्तीच्या कारखान्यात मात्र त्याला सगळे इंजिन कळावे लागते. कारण कोणता भाग का बिघडला, हे प्रत्येक वेळी नव्याने ओळखावयाचे असते.

युद्ध संपताच दुरुस्तीचे काम ओसरले. कारखाना रेल्वेचे डबे व बसगाड्यांचे सांगाडे करू लागला. पण शहरात इंजिन उघडून पुन्हा जुळवणारे हात तयार झाले होते, आणि विमानांच्या निर्मितीचे स्वप्नही मेले नव्हते. गटिंगेनला प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेले विष्णु माधव घाटगे १९४० पासूनच या कारखान्यात होते. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानशास्त्राचा विभाग निघाला, तेव्हा त्याची धुरा प्रथम त्यांनीच वाहिली. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच.टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात गेले. सांगाडा आपला, पण त्यातले सिरस मेजर इंजिन इंग्लंडचे. म्हणजे ठिणगी पाडणारे यंत्र अजून बाहेरूनच यायचे होते.

ती उणीव भरून काढण्याची सुरुवातही बंगळुरातच झाली. १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच सर्वतोमुखी झालेली 'मायको', स्थापन झाली आणि आडुगोडी येथील कारखान्यात १९५३ पासून स्पार्क प्लग व डिझेल इंजिनांचे इंधन-पंप तयार होऊ लागले. पुढे मायकोने नाशिकलाही कारखाना काढला. तेथील 'मायको सर्कल' हा चौक नाशिककरांना पत्ता सांगायला उपयोगी पडतो, पण त्या नावामागे होनोल्डच्या १९०२ सालच्या ठिणगीपर्यंत जाणारी वाट आहे, हे किती जणांच्या ध्यानात असेल? डिस्ट्रिब्यूटर आणि कॉइल बनविणारी लुकास-टीव्हीएस ही कंपनी मद्रासजवळ १९६१ मध्ये निघाली. वालचंदांची मोटारही या सुमारास रस्त्यावर रुळली होती. त्यांनी मुंबईला कुर्ल्यात १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली. १९५३ मध्ये वालचंद निवर्तले. बंगळुरात होऊ न शकलेला कारखाना अखेर कुर्ल्यात झाला, एवढेच.

या सगळ्यात स्पोर्ट्स गाडी कोठे बसते? खरे म्हणजे कोठेच नाही. ती कोणत्याही पंचवार्षिक योजनेत नव्हती. युद्धानंतरच्या काही वर्षांत संस्थानिक, मळेवाले, लष्करी अधिकारी आणि थोडे व्यापारी यांनी विलायतेहून अशा गाड्या आणल्या. एम.जी.ची टी.सी. ही त्यांतली नमुनेदार गाडी: १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजार निघाल्या, साडेबाराशे घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, उंच तारांची चाके, आणि दोघांपुरती जागा. १९५३ नंतर सरकारचे धोरण असे ठरले, की ज्यांना गाडी येथे बनवावयाची नाही, त्यांना नुसते सुटे भाग जोडता येणार नाहीत. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपला गाशा गुंडाळला. तयार गाडी आणणे जवळजवळ अशक्य झाले आणि सुटे भाग दुर्मिळ झाले. धोरण देशहिताचे होते, यात वाद नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की देशात ज्या स्पोर्ट्स गाड्या होत्या त्यांना मरण्याची परवानगी उरली नाही. त्या दुरुस्त करीतच राहावे लागले. डिस्ट्रिब्यूटरची झिजलेली बुशे लेथवर कातून बसवायची, पॉइंटची काळी पडलेली तोंडे कानशीने घासून पुन्हा वापरायची, दुसऱ्याच गाडीचा कंडेन्सर तारेने बांधून चालवायचा, हे त्या काळातले नित्याचे प्रकार. हे सारे कौतुकाने सांगण्याचा आजकाल प्रघात पडला आहे. त्यांतले कौशल्य खरे आहे. पण त्या कौशल्याच्या मुळाशी टंचाई होती, आणि घासलेल्या पॉइंटने दाखवलेली वेळ ही पुष्कळदा खोटी वेळ असे, हेही तितकेच खरे.

आता बंगळुरातील मिस्त्रीपुढे एक जास्तीची अडचण असते, ती निसर्गाने घातलेली. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब मुंबई-मद्रासपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी. म्हणून सिलिंडरात दर खेपेस भरणारी हवाही कमी, आणि दाबलेल्या मिश्रणाचा अंतिम दाबही कमी. परिणामी नॉकिंगचे दार थोडे दूर सरकते, आणि ठिणगी दोन अंश पुढे नेली तरी इंजिन तक्रार करीत नाही. उलट त्यामुळे उंचीने हिरावून घेतलेल्या शक्तीतला थोडा भाग परत मिळतो. पण हीच गाडी घेऊन कोणी मद्रासकडे निघाला, घाट उतरला आणि समुद्राकाठच्या उष्ण, दाट हवेत पोचला, की जे टायमिंग बंगळुरात गोड लागत होते तेच खडखडू लागते. ही केवळ पुस्तकी शंका नव्हे. मद्रासच्या उत्तरेस शोलावरम येथे युद्धकाळात बांधलेली धावपट्टी होती. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत देशातल्या सर्वांत गाजलेल्या मोटारशर्यती तिच्यावर होत. गोंडलच्या महाराजांसारखे हौशी शर्यतपटू तेथे उतरत, आणि त्यांच्या परदेशी गाड्यांशेजारी कुर्ल्याच्या फियाट उभ्या असत. बंगळुराहून तेथे जाणाऱ्या गाडीचा डिस्ट्रिब्यूटर तेथे पोचल्यावर किंचित मागे फिरवणे शहाणपणाचे होते. ज्या युद्धाने बंगळूरला इंजिन उघडायला शिकवले, त्याच युद्धाने शोलावरमला ती इंजिने पळवायला जागा दिली. हा योगायोग कोणी आखलेला नव्हता.

पेट्रोलाचा प्रश्न याहून कठीण. नॉकिंगचे कारण इंधनातही असते, हे इंग्लंडात हॅरी रिकार्डो याने दाखवून दिले. अमेरिकेत केटरिंगचा सहकारी थॉमस मिजली याला १९२१ मध्ये शिशाचे एक संयुग सापडले, ते चिमूटभर घातले की पेट्रोल नॉकिंग सहन करते. त्यातून इंधनाची प्रत ऑक्टेन अंकांत मोजण्याची रीत आली. युद्धानंतरच्या इंग्लंडात पेट्रोल हलकेच मिळे, त्यामुळे टी.सी. सारखी गाडी हलक्या पेट्रोलावरही निभावते. पण साठच्या दशकातल्या गाड्यांची इंजिने अधिक दाबाची असत. इंग्लंडातील उत्तम पेट्रोलाच्या हिशेबाने पुस्तकात लिहिलेले अंश येथे जसेच्या तसे लावले, तर चढावर इंजिन खुळखुळू लागे. म्हणून येथील जाणता मिस्त्री पुस्तकाचा आकडा हा सुरुवातीचा आकडा मानतो. शेवटचा आकडा रस्ता सांगतो: गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून चढावर पायदाब द्यावयाचा, क्षणभर हलका खुळखुळाट होऊन लगेच थांबला तर वेळ नेमकी, होतच राहिला तर ठिणगी मागे घ्यावयाची, मुळीच झाला नाही तर थोडी पुढे न्यावयाची. मुंबईकराला यासाठी खंडाळ्याचा घाट होता. बंगळूरकराला नंदीचा डोंगर आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशातल्या पेट्रोलातून शिसे गेले, आणि २०२५ पर्यंत इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉलने ऑक्टेन अंक वाढतो, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही व मिश्रण विरळ होते. म्हणजे जुना हिशेब पुन्हा एकदा मांडणे आले.

दुरुस्तीनंतर वेळ बसवताना सर्वांत मोठी चूक मात्र अंशांची नसते, ती अर्ध्या जगाची असते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. त्यामुळे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन एका चक्रात दोनदा माथ्यावर येतो: एकदा मिश्रण दाबून, आणि एकदा जळका वायू बाहेर लोटून. पुढच्या पुलीवरची खूण दोन्ही वेळा तितक्याच इमानाने समोर येते. जो केवळ खुणेवर विश्वासतो, तो दोनांतल्या एका खेपेस ठिणगी नेमकी उलट्या वेळी बसवतो, आणि मग सुरुवातीला वर्णन केलेला तो खोकला ऐकू येतो. या वेळी डिस्ट्रिब्यूटर बोटभर फिरवून भागत नाही. तो उचलून उलटा बसवावा लागतो, किंवा तारा बदलाव्या लागतात. उपाय म्हणाल तर अंगठा. प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि इंजिन हाताने हळू फिरवायचे; दाबलेली हवा अंगठा उचलू लागली म्हणजे पिस्टन योग्य वाटेने वर येत आहे असे समजावे. त्याच वेळी डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता दांडा पहिल्या प्लगच्या तारेकडे बोट दाखवीत असला पाहिजे.

त्याआधी साखळीच्या दोन चाकांवरील खुणा समोरासमोर आल्या आहेत याची खात्री झालेली असावी. तेथे एक दात चुकला तर व्हॉल्व्हच वेळेवर उघडत नाहीत, मग ठिणगी कितीही अचूक असो. पॉइंटमधले अंतरही आधी ठरवावे, सुमारे चार दशांश मिलिमीटर. कारण अंतर वाढले की पॉइंट लवकर उघडतात आणि वेळ आपोआप पुढे सरकते. हा क्रम उलटा करून, आधी वेळ आणि मग अंतर बसवणारे लोक सगळी दुपार घालवतात. एवढे झाल्यावर एक लहान दिवा पॉइंटच्या तारेला व गाडीच्या सांगाड्याला जोडायचा, डिस्ट्रिब्यूटर सावकाश फिरवायचा, आणि दिवा लागेल त्या ठिकाणी बोल्ट आवळायचा. दिवा नसेल तर सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढायचा. तो सुटेल तोच ठिणगीचा क्षण. पुढे लुकलुकणारा स्ट्रोब दिवा आला. त्याच्या उजेडात पळत्या इंजिनाची पुली जागच्या जागी गोठल्यासारखी दिसते आणि खुणेचा अंश वाचता येतो. वेग वाढवला की खूण डोळ्यांदेखत पुढे सरकते. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातली दोन छोटी वजने फिरण्याच्या जोराने बाहेर फेकली जाऊन ठिणगी पुढे नेत असतात. मॉडेल टीच्या चालकाची डावी दांडी त्या वजनांनी केव्हाच आपल्याकडे घेतलेली आहे. ही वजने गंजून अडकली, तर जागेवर अचूक वाटणारी गाडी वेगाला मेल्यासारखी होते. आणि हा दोष कागदाने किंवा साध्या दिव्याने कधीच दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कुर्ल्याची पद्मिनी थांबली आणि प्रदूषणाचे नवे नियम आले. नव्या गाड्यांतून पॉइंट गेले, मग डिस्ट्रिब्यूटरही गेला. इंजिनाच्या अंगावर बसवलेला एक संवेदक नॉकिंग ऐकतो आणि एक पेटी प्रत्येक ठिणगीची वेळ नव्याने ठरवते. उंची, उष्मा, पेट्रोलाची प्रत, सगळे ती पाहते. त्या पेट्यांत भरावयाचे गणित जगातल्या ज्या थोड्या शहरांत लिहिले जाते, त्यांत बंगळूर आहे. मायकोचे नाव २००८ मध्ये बॉश झाले; आडुगोडीच्या ज्या आवारात १९५३ साली स्पार्क प्लग बनू लागले, त्याचे नवे रूप जून २०२२ मध्ये खुले झाले, तेव्हा त्याला नावही 'स्पार्क'चेच देण्यात आले.

वालचंदांचे नाव नगराला आहे, विश्वेश्वरय्यांचे टपाल तिकिटावर आले, घाटग्यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. चौदा सिलिंडरांचे मॅग्नेटो ज्यांनी जुळवले, त्यांची नावे मात्र कोठे एकत्र लिहिलेली नाहीत. शहराच्या जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांत आजही जुन्या डिस्ट्रिब्यूटरची टोपणे आणि पॉइंट मागायला लोक येतात. पॉइंटऐवजी टोपणाखाली लपणारी इलेक्ट्रॉनिक चकती मिळते, ती बसवली म्हणजे घासण्याची कटकट संपते. पण बोल्ट ढिला करून डिस्ट्रिब्यूटर हाताने फिरवावा लागतो तो लागतोच, आणि मग कोणीतरी गाडीत बसून नंदीच्या चढाकडे निघतो, काचा उतरवलेल्या, रेडिओ बंद.